नऊ नंबरचा प्रश्न

आवाज पुसायचे म्हणून बाबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

थोरली केस पुसत बाहेर आली, तर जेवणाचं टेबल लख्ख आवरलेलं. मधोमध तिचा बोटभर लांबीचा रेकॉर्डर, आणि समोरच्या खुर्चीत बाबा, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे ताठ. फोटोचं म्हणाल तर कॅमेरा दिसला की बाबा खोलीतून नाहीसे व्हायचे. घरातल्या एकाही व्हिडिओत ते नव्हते, कारण दर वेळी "आणा इकडे, मी धरतो" म्हणून कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा. आणि तो हातात असला की ते श्वाससुद्धा जपून घ्यायचे, बोलणं तर दूरच.

"नऊ नंबर हजर आहे," ते म्हणाले. "चहा झाला की सुरुवात करू."

आईने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, की नऊ नंबरचा चहा सकाळपासून दोनदा झालाय आणि संशोधनाच्या नावाखाली तिसरा मिळणार नाही.

थोरलीचं समाजशास्त्राचं एम.ए. संपत आलं होतं. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. हाताचं काम करत आयुष्य काढलेली माणसं काम सुटल्यावर दिवस कसा घालवतात, हा विषय. त्यासाठी ती शहरभर हिंडून शिंप्याला, सुताराला, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला, बेकरीत भट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला भेटली होती. प्रत्येकाला तिने दोन शब्द दिले होते. तुमचं नाव कुठे येणार नाही, क्रमांक येईल. आणि तुमचं बोलणं कागदावर उतरवून झालं की आवाज पुसला जाईल.

बाबा यांच्यात नव्हतेच खरं तर. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी जन्मभर काचा कापल्या, घासल्या. गेल्या वर्षी ते घरी बसले. थोरलीने प्रश्न विचारायची सवय व्हावी म्हणून एका दुपारी त्यांना समोर बसवलं, रेकॉर्डर लावला, आणि उतरवून काढलेले कागद विभागातल्या मॅडमना दाखवले. मॅडमनी ते उभ्याउभ्या वाचायला घेतले आणि मग बसून पुन्हा वाचले. हे सरावाचं नाही, हे घ्यायचं, असं त्या म्हणाल्या. मात्र बाकीच्यांना जे नियम तेच यांना. कागदावर तू यांची मुलगी नाहीस.

घरी येऊन तिने एवढंच सांगितलं, की तुम्हाला क्रमांक मिळालाय. कुठला, म्हणून बाबांनी विचारलं. त्या दिवसापासून ते घरात नऊ नंबर झाले. नऊ नंबरची लुंगी कुठे आहे. नऊ नंबरला मीठ कमी लागलंय, नोंद घ्यावी. आई सुरुवातीला वैतागली आणि मग बाजारातून येताना पिशवीतून त्यांच्या आवडीची केळी काढून "घ्या, नऊ नंबर" म्हणू लागली.

या घरात शिक्षणाचा असा दंगा पूर्वी कधी झाला नव्हता. थोरली वर्षानुवर्षं दातांच्या डॉक्टरकडे नावं नोंदवायच्या टेबलावर होती. तिथे दाढ धरून वाट बघत बसलेल्या माणसांकडे बघताबघता तिला माणसांबद्दल वाचायचा नाद लागला, आणि एक दिवस नोकरी सोडून तिने विद्यापीठात प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा वयामुळे सगळा वर्ग उठून उभा राहिला, एका मुलीने तर हातात खडू आणून दिला. ती संध्याकाळी हे सांगताना इतकी हसत होती, की बाबा नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना चौकात उभं केलं. तासभर बघायचं आणि फक्त दिसेल ते लिहायचं. का, कशासाठी, ते तुम्हाला दिसत नसतं, तेव्हा लिहायचं नाही. थोरली घरी आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. आपण बघतो त्यातलं अर्धं आपण बघतच नाही, मनानेच भरतो, असं बरंच काही. दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी, तर बाबा खिडकीत. संध्याकाळी त्यांनी अहवाल दिला, की समोरच्या इमारतीत नवरा-बायकोचं भांडण झालं.

"नवरा-बायको कशावरून?" तिने मॅडमच्याच आवाजात विचारलं.

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "एक पुरुष. एक बाई. एक बादली. बादली जोरात ठेवली गेली. यापुढे मी काही बोलणार नाही."

तर त्या सकाळी टेबलाशी ते दोघं बसले आणि तिने एकेक आवाज पुसायला घेतला. प्रबंध देण्याआधी हे करायचंच होतं. बाबांना ते बघायचं होतं एवढंच. शिंपी गेला. सुतार गेला. बाबा प्रत्येकाला मान हलवून निरोप देत होते. नऊ आला तसं तिचं बोट थांबलं.

"तुमचं राहू दे," ती म्हणाली. "घरातलंच आहे."

"का म्हणून? त्या शिंप्याला शब्द दिलास आणि बापाला सवलत?"

"शिंपी काही माझ्या घरात राहत नाही, बाबा."

"पूस," बाबा म्हणाले. "एका काचेला एक माप आणि दुसरीला दुसरं, असं करून चालतं का? डोकं दुखतं माणसाचं." आणि ती तरी बोट हलवत नाही असं बघून म्हणाले, "मी आहे की इथे. काय ऐकायचंय ते समोर बसून ऐक."

तिने बटण दाबलं. बाबांनी टाळी वाजवली. आता माझ्याविरुद्ध काही पुरावा नाही, असं त्यांनी आईला ओरडून सांगितलं. मग खुर्चीत मागे रेलून, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "नाव काय दिलंस गं त्या प्रबंधाला?"

"सादरीकरणाला या. पहिल्या रांगेत बसा. तिथे कळेल."

"म्हणजे आमचं काही उपयोगी पडलंय."

"तिथे कळेल म्हटलं ना."

तिला हसू आवरत नव्हतं. प्रबंधाचं नाव आईलासुद्धा माहीत नव्हतं. मोठ्या पडद्यावर ते उमटेल तेव्हा बाबांचा चेहरा कसा होईल, हे ती गेले कित्येक दिवस बसमध्ये, वाचनालयात, झेरॉक्सच्या रांगेत मनातल्या मनात बघत होती. बाबाही हसले. त्यांना थांबता यायचं. काच घाईने घासली की तडकते, हे त्यांचं नेहमीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

*

धाकटा भाऊ बोटीवर इंजिनियर. बोट बंदराला लागून, विमान मिळून तो घरी पोचला तोवर सगळं उरकलं होतं. आता बाहेरच्या खोलीत चौघं जमले होते, आणि धाकटा दारातच उभा होता, पाठीवरची बॅग न काढता.

बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, खिडकीजवळच्या खुर्चीत होती. ती हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती, आणि निवृत्त होऊनही खोलीत शिरली की आधी सगळ्यांच्या हातांकडे बघायची. भावाला ती 'छोट्या' म्हणायची. त्याच्यानंतर आणखी एक भाऊ झाला तरी ते नाव तिने बदललं नाही, त्यामुळे त्या दुसऱ्या भावाला काही नावच उरलं नाही. तो काका. गाडी चालवायला शिकवायचा त्याचा धंदा. तो बोलताना मधूनच उजवा पाय दाबायचा, समोर काही आलं असल्यासारखा.

धाकट्याने बॅग खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोलला ते हेच. "ताई, तो रेकॉर्डर आण."

थोरलीला कळलं. ती या क्षणाचीच वाट बघत होती आणि तो येऊ नये असंही तिला वाटत होतं.

"बोटीवरून शेवटचा फोन केला तेव्हा लाइन खराब होती," धाकटा म्हणाला. "अर्धं बोलणं खरखरीत गेलं. बाबा म्हणत होते, माझी मुलाखत घेतलीय हिने, तासभर बोललोय, आलास की ऐक. ते ऐकायचंय."

"म्हणजे छोट्याचा आवाज आहे?" आत्या ताठ झाली. "आणि इतके दिवस आम्ही इथे बसलोय, तू बोलली नाहीस?"

थोरली म्हणाली, आवाज नाही. पुसला.

काकाचा पाय दाबला गेला.

मग सगळं एकदम सुरू झालं. धाकट्याने विचारलं, पुसला म्हणजे काय, कुठे तरी प्रत असेल, कॉम्प्युटरवर असेल. तिने सांगितलं, की नाही, तसं ठेवायचंच नसतं. तो म्हणाला, कुणी सांगितलंय ठेवायचं नसतं. ती म्हणाली, विभागाचा नियम आहे, आणि हे शब्द तोंडातून निघताना तिलाच ते कागदी वाटले. आत्याने त्यावर अगदी हळू आवाजात विचारलं, की विभागात कुणाचे वडील वारले होते का. धाकटा आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता. दोघं एकीकडे झाले होते.

काका थोरलीच्या बाजूने काही बोलायला गेला. नियम म्हणजे नियम, लाल दिवा असला की रस्ता मोकळा दिसला तरी थांबायचंच. यावर आत्या म्हणाली, "तू गप्प बस. तुझ्या हाताखाली शिकलेला माणूस गाडी घेऊन माझ्या पायाच्या बोटावरून गेलाय."

"तो माझ्याकडे शिकला नव्हता, आक्का."

"तुझ्याकडेच शिकला होता."

"तिने मुद्दाम केलंय असं म्हणत नाही मी," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यानेच जास्त लागत होतं. "पण ताई, तू तिथे एवढं शिकतेस, माणसांचं ऐकायला शिकतेस, आणि आपल्याच माणसाचं पुसून टाकतेस. मला नाही समजत."

थोरली वाकून त्याची बॅग भिंतीशी सरकवू लागली. बाबांनीच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं, आणि खरं म्हणजे बटण तिनेच दाबलं होतं.

आई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. ती पुढे आली, टेबलावरचं पाण्याचं तांब्याभांडं सरळ केलं, आणि म्हणाली, "त्यांनी पूस म्हणून सांगितलं. मी आत भाजी चिरत होते, मला सगळं ऐकू येतं. ही राहू दे म्हणत होती. हे म्हणाले, शिंप्याला शब्द दिलास आणि बापाला सवलत का."

"असं म्हणाला छोट्या?" आत्याने विचारलं.

"एका काचेला एक माप आणि दुसरीला दुसरं, असं चालत नाही, हेही म्हणाले."

आत्याने डोळे मिटले. "हो," ती म्हणाली. "हे तोच म्हणेल." आणि डोळे उघडून, मागे उभ्या असलेल्या धाकट्याला म्हणाली, "असा पाठीशी उभा राहू नकोस रे, खाली बस."

धाकटा बसला. एकटा पडला तसा तो लहान दिसायला लागला. थोरलीला तो शाळेतून भिजून यायचा ते दिवस आठवले.

"कागद आहेत," ती म्हणाली.

"कसले?"

"सगळं उतरवलंय. शब्दन् शब्द. नुसते शब्द नाही. खोकला, हसणं, थांबणं. किती थांबले तेसुद्धा. थोडं थांबले की एक तिरकी रेघ, जास्त थांबले की दोन." बोलताबोलता तिचा स्वर बदलला होता, हे तिचं तिला कळलं नाही. "एका मिनिटाचं बोलणं उतरवायला कितीतरी वेळ लागतो. पुन्हा मागे जायचं, पुन्हा ऐकायचं. मी त्यांचं प्रत्येक 'हे आपलं' लिहिलंय."

"मग आण की," धाकटा म्हणाला.

तिथे ती अडली. सहभागीचं बोलणं नाव सांगून दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही, हाही शब्द दिलेला होता. तो शब्द देताना बाबा समोर बसून गंभीर मान हलवत होते. तिने हे सांगितलं आणि काकाने कपाळाला हात लावला.

आई म्हणाली, "त्यात मी आहे ना?"

"आहेस. पण तुझं नाव नाही. तू 'तिसरी व्यक्ती' आहेस."

"मग तिसऱ्या व्यक्तीने सगळं ऐकलेलंच आहे. तिने घरात सांगितलं असं समज. आण जा."

*

कागद आले. पहिला मान काकाने घेतला, कारण लहानपणी फोनवर लोक दोघा भावांच्या आवाजांत फसायचे. त्याने घसा साफ केला आणि नाटकातल्या राजासारखा सुरू झाला. दोन ओळींतच आत्याने त्याला थांबवलं. छोट्या जन्मात कधी असा बोलला नव्हता, आणि एवढ्या मोठ्याने तर नाहीच.

"दे इकडे," धाकटा म्हणाला. "रेघांचं काय म्हणालीस? एक म्हणजे थोडं?"

"एक म्हणजे श्वास घेतला. दोन म्हणजे कुठे तरी बघत होते."

धाकट्याने वाचायला सुरुवात केली. त्याने आवाज काढायचा प्रयत्न केला नाही. इंजिनच्या माहितीपुस्तिकेतलं वाचावं तसं, लिहिलंय ते, आणि रेघ आली की थांबायचं. प्रश्न थोरलीचे होते, ते ती म्हणत होती.

"'सकाळी उठतो. / हे आपलं, उठतोच. // दुकान नाही हे पायांना माहीत नाही अजून. ते चपलेकडे जातात. (हसतात.)'"

आत्या खुर्चीत पुढे सरकली.

"'मग मी चपलेला सांगतो, बाई, तू बस. (खोकला.)'"

"खोकला असा नाही," काका म्हणाला आणि त्याने तो खोकून दाखवला, कोरडा, शेवटी वर जाणारा. तो इतका हुबेहूब निघाला की आई दचकून हसली. मग कुणालाच राहवेना. खोकला आला की काका खोकू लागला. एके ठिकाणी '(कपबशीचा आवाज)' आला, तर आई उठून खरंच कपबशी घेऊन आली आणि कप बशीत ठेवून म्हणाली, "असा. ते आधी जोरात ठेवायचे आणि मग हळू करायचे."

"'वि. : दुकानात दिवसभर कुणाशी बोलायचा?'" थोरलीने वाचलं. 'वि.' म्हणजे विचारणारी, ती स्वतः.

"'कुणाशी नाही. मागची खोली. मशीन, पाणी आणि मी. / पण पडदा होता. // गिऱ्हाईक नवा चष्मा घालतं ना, तेव्हा मी मशीन बंद करून पडद्याशी यायचो. मालकाला वाटायचं, पाय मोकळे करतोय. / लोक चष्मा घालून आधी आरशात बघत नाहीत. दाराबाहेर बघतात. लांबची पाटी वाचतात, तोंडातल्या तोंडात. // ते वाचून झालं की मी आत जायचो.'"

"मला माहीत नव्हतं हे," आत्या म्हणाली. तिच्या नाकावरचा चष्मा भावानेच घासून दिलेला होता. तिने तो काढला, बघितला, पुन्हा घातला. "माझ्या वेळीही आला असेल पडद्याशी."

"तू पाटी वाचलीस का मोठ्याने?" काकाने विचारलं.

"मी मालकाला म्हटलं, डाव्या बाजूला घट्ट होतोय."

हसू फुटलं आणि ओसरलं. धाकट्याने पान उलटलं. त्याला आता रेघा सांगाव्या लागत नव्हत्या. श्वास कुठे तुटतो, कुठला शब्द ओढला जातो, ते त्याला आपोआप सापडत होतं. मध्येच '(दार उघडल्याचा आवाज. तिसरी व्यक्ती : बिस्किटं संपलीत, आणायला सांगा.)' असं आलं, तेव्हा आईने ते वाक्य स्वतः म्हटलं, नेमकं तशाच कावलेल्या सुरात, आणि धाकट्याने पुढची ओळ वाचली, "'सांगतो. / कुणाला सांगू?'" आणि क्षणभर तिघांच्या घरातली ती दुपार जशीच्या तशी त्या खोलीत आली. आई पदर तोंडाला लावून हसत होती की काय करत होती, ते तिने कुणाला बघू दिलं नाही.

थोरली मात्र पुढे बघत होती. पुढच्या पानावर काय आहे ते तिला पाठ होतं. मॅडमनी ते पान सगळ्या वर्गासमोर वाचलं होतं, क्रमांक सांगून. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं होतं, की हा माणूस कोण आहे, याला भेटता येईल का. ती मान खाली घालून बसली होती, कान तापलेले, आनंदाने उठून पळत सुटावं असं वाटत. नियमाप्रमाणे ती गप्प राहिली होती. घरी येऊनही गप्पच राहिली, कारण ते सगळं पहिल्या रांगेतल्या त्या दिवसासाठी ठेवायचं होतं.

"'वि. : वेळ जात नाही असं वाटतं का?'"

"'सगळे तसंच म्हणत असतील ना? // नाही. वेळ जातो. वेळेचं काही नाही. / हे आपलं, कसं सांगू. काच कापली की ती तशीच फ्रेममध्ये बसत नाही. कड घासावी लागते. बोट फिरवून बघायचं, लागली कड, की झाली काच. // आता दिवसाला कड नाही. सोमवार कुठे संपला, मंगळवार कुठे लागला, बोटाला कळत नाही. दिवस चांगलाच आहे. पण तो कशात बसवायचा?'"

धाकटा थांबला. तिथे रेघ नव्हती.

"पुढे आहे," आत्या म्हणाली. भूल चढत असलेल्या पेशंटशी बोलावं, इतक्या हळू.

"'तू ते यंत्र घेऊन बसतेस ना समोर,'" धाकटा वाचू लागला, "'तेवढी दुपार मात्र लागते हाताला. // आता मी एक विचारू का? विचारायचं नसतं, माहितेय मला. / पण हे जे मी बोलतोय, ते खरंच कामाचं आहे का गं तुझ्या? / का बाप आहे म्हणून ऐकून घेतेस? (हसतात.)'"

पुढची ओळ थोरलीची होती.

कागदावर ती स्वच्छ टाइप केलेली होती. 'यात बरोबर-चूक काही नसतं. पुढे सांगा.' शिंप्याने विचारलं तेव्हा त्यालाही तिने हेच सांगितलं होतं, सुतारालाही. सहभागीला आपलं मत कळू द्यायचं नाही, नाही तर तो आपल्याला आवडेल तसं बोलायला लागतो. त्या दुपारी बाबांनी मान हलवली होती आणि पुढे सांगितलं होतं, कडधान्य निवडताना आई त्यांना जवळ येऊ देत नाही याबद्दल काहीतरी.

"ताई," धाकटा म्हणाला. "तुझं आहे."

सगळे थांबले होते. काकासुद्धा पाय न हलवता बसला होता. धाकट्याचा अंगठा अजून त्या प्रश्नाखाली होता, आणि तो वर बघत नव्हता, बाबा बघायचे नाहीत तसा, उत्तर देणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

थोरलीने आपल्या हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

"बाप म्हणून नाही ऐकलं, बाबा," ती म्हणाली. "प्रबंधाचं नाव 'कड' आहे. तुम्ही परके असता, तरी मी तुमचं घर शोधत आले असते."